कोनमापक

सोहारच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
माझ्या एप्रनच्या खिशात एक कोनमापक असतो.
कंपासपेटीतल्याचा थोरला भाऊ, दोन लांब पायांचा.
रोज सकाळी मुलांचे सांधे मी त्यात धरते
आणि वहीत आकडा लिहिते. मराठीत.
चिपळूणहून आणलेली सवय, अठरा वर्षांत गेली नाही.

थुरय्या, वय दीड.
किटली ओढली वायरीला धरून.
करक चहा हनुवटीखाली, छातीवर, डाव्या काखेत.
साखर घातलेला चहा अंगाला चिकटून बसतो,
हे तिच्या आईला मी सांगितलं नाही.
या वयात कातडी त्या चहावरच्या सायीएवढीच.

मुंधिर, वय पंधरा.
बापाच्या होडीचं इंजिन, पेट्रोलचा डबा,
एक ठिणगी.
मान, दोन्ही हात, उजवी काख.

एकाच आठवड्यात आले, दोघंही वीस टक्के.
ज्याचा त्याचा पंजा म्हणजे ज्याचा त्याचा एक टक्का.
थुरय्याचा एक टक्का
मारी बिस्किटात मावतो.

पहिले पंधरा दिवस सगळ्यांना धास्ती तिचीच.
लहान देहात पाणी ते केवढं,
आणि त्याला बाहेर पडायची घाई.
रात्री दोनला तापाचा काटा,
बाहेर खाडीवरून येणारा दमट वारा काचेवर ओघळलेला.

मग मांडीची कातडी काढून छातीवर लावली,
आणि ती निघालीच.
'हात वर कर' असं मी तिला कधी म्हटलं नाही.
साबणाचे फुगे सोडले.
रडता रडता तिला फुगा दिसायचा,
हात जायचा. चाळीस. सत्तर. एकशे दहा.
दुखणं मध्येच कुठेतरी ठेवून
ती विसरून जायची, चप्पल विसरावी तशी.

मुंधिर काही विसरत नाही.
त्यानं फोनवर सगळं वाचलंय.
दुखायच्या आधीच त्याला दुखतं.
चुलतभाऊ आले की हात चादरीखाली,
आणि कोन सत्तरवर अडलेला, तीन आठवडे.
त्याला फुगे कसे दाखवू?
मिशी फुटू लागलीय त्याला.

एकदा त्यानं वहीत डोकावून पाहिलं.
माझ्या शून्यावर बोट ठेवलं, पट्टी बांधलेलं.
'खमसा?'
त्यांच्या लिपीत गोल म्हणजे पाच,
शून्य म्हणजे नुसता ठिपका.
मी म्हटलं, शून्य आहे रे ते.
'मी पाचच वाचणार,' तो म्हणाला,
'पाच अंश तुझ्याकडे उधार.'
हसला, तशी मानेची कातडी ताणली,
आणि हसू अर्ध्यावर थांबवलं त्यानं.

थुरय्या आज घरी चाललीय.
नवा फ्रॉक, आत घट्ट दाबाचं जाकीट.
आई सगळ्यांना खजूर वाटतेय,
लहान जीव, लवकर भरून येतो म्हणतेय.
खरं आहे ते.
पण शाळेचा गणवेश शिवताना आपण शिवणीत कापड दाबून ठेवतो,
पोर वाढलं की उसवायला.
व्रणाला तसं दाबलेलं कापड नसतं.
हाड वाढेल, तो वाढणार नाही,
काख पुन्हा ओढली जाईल.
पाचव्या वर्षी एकदा, नवव्या वर्षी कदाचित,
मग छाती भरायला लागेल तेव्हा नक्की.
मुंधिरची उंची संपत आलीय,
तो जे रडतरखडत मिळवेल
ते त्याच्याजवळच राहील.

हे मी माझ्या मोडक्या अरबीत हळूहळू सांगितलं.
आईनं खजुराचा डबा खाली ठेवला.
पुन्हा कधी, तिनं विचारलं,
आणि कार्डाच्या मागे स्वतःच्या हातानं लिहून घेतलं,
वय, आणि पुढे पाचचा आकडा,
गोल, नीट, दोनदा गिरवलेला.

मला तो वाचताच येईना.
थुरय्या दाराशी उभी राहून
नसलेला फुगा फोडत होती,
डाव्या हातानं,
खांद्याच्या बरंच वर.